शमुवेल आणि सॅम्युअल ही वेगळी नावं आहेत का? अर्थ काय?

नाव एकच. मूळ हिब्रू 'श्मुएल'. मराठी बायबलात त्याचा शमुवेल झाला, इंग्रजीतून सॅम्युअल आला. आमच्या सांगली-मिरजेकडे तर एकाच घरात आजोबा शमुवेल आणि नातू सॅम असं असू शकतं.

'एल' म्हणजे देव, दानीएलमध्येही तोच. घोळ आहे तो पहिल्या भागाचा. बायबलातला शमुवेल हा त्याच्या आईने, हन्नाने, नवस बोलून मागितलेला मुलगा, म्हणून 'देवाने ऐकले' असा अर्थ सर्रास सांगतात. पण 'शेम' म्हणजे नाव, त्यामुळे 'देवाचे नाव' हा अर्थ मला जास्त पटतो. कारण 'ऐकणे' या हिब्रू धातूतला शेवटचा 'आयिन' वर्ण इथे नाहीच. तो आहे इश्माएलमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या इस्माईलमध्ये!