नुंदकोलच्या काठी गळ टाकण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे तिघे मित्र असून पन्नाशीच्या आसपासचे आहोत. लहानपणापासून खाडीत गरवण्याची आम्हाला सवय आहे. येत्या ऑगस्टअखेरीस काश्मीरमधील हरमुख पर्वताच्या पायथ्याच्या नुंदकोल तळ्यावर ट्राउट हा थंड, गोड्या पाण्यातला मासा धरायला जाण्याचा विचार आहे. पहिल्या दिवशी विमानाने श्रीनगरला उतरून थेट नारानागला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तळ्यावर, तिसऱ्या दिवशी मासेमारी आणि चौथ्या दिवशी परत, असा बेत आहे. आमच्या नेहमीच्या काठ्या आणि गांडुळे चालतील का? परवाना लागतो का? धरलेला मासा तिथेच शिजवून खाता येईल का?

उत्तर : आपण निवडलेला काळ उत्तम आहे, परंतु दिवसांचा हिशेब चुकला आहे. सामानाचा आणि परवान्याचा विचार त्यानंतरचा.

नारानाग हे गाव दोन हजार मीटरच्या थोडे वर आहे आणि नुंदकोल साधारण साडेतीन हजार मीटरवर. आदल्या सकाळी समुद्रकिनाऱ्यावर असलेल्या माणसाने दुसऱ्या रात्री साडेतीन हजार मीटरवर झोपणे हे पन्नाशीतच काय, पंचविशीतही योग्य नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, असा सर्वमान्य संकेत आहे. उंचीचा त्रास डोकेदुखी, मळमळ आणि भूक मरणे यांपासून सुरू होतो. एवढे जाणवले तर आहे तिथेच थांबावे. बोलण्यात गोंधळ होऊ लागला, पावले अडखळू लागली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. म्हणून पहिला दिवस श्रीनगरमध्ये परवान्यासाठी आणि विश्रांतीसाठी ठेवावा. दुसऱ्या दिवशी कंगनमार्गे नारानागला जावे. तेथील प्राचीन मंदिरांचे भग्न अवशेष पाहण्यात संध्याकाळ चांगली जाते. तिसऱ्या दिवशी पाइनच्या दाट रानातील खडी चढण संपवून वरच्या त्रुनखोल कुरणात तंबू ठोकावा आणि चौथ्या दिवशी निवांतपणे तळे गाठावे. काठावर किमान दोन पूर्ण दिवस हातात हवेत. आपल्या बेतात एकच दिवस आहे, आणि त्या दिवशी पाऊस आला तर एवढा प्रवास करून आपण तंबूतच बसून राहाल. एकूण आठ दिवस धरावेत, आणि ते मिळत नसतील तर सहल पुढच्या वर्षावर ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवाना लागतोच. तो श्रीनगरच्या मत्स्यविभागाकडून मिळतो आणि ठरावीक पाण्यासाठी व ठरावीक तारखांसाठीच असतो. किती मासे ठेवता येतात आणि कोणते आमिष चालते, हे परवाना घेतानाच विचारून घ्यावे. ट्राउटचा हंगाम साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असतो, कारण त्यानंतर हा मासा वाहत्या पाण्यातील बारीक खड्यांत अंडी घालतो. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड काश्मीरमध्ये चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड जोडणी असू द्यावी.

आता गांडुळांविषयी. ती घरीच राहू द्यावीत. गांडूळ लावलेला गळ ट्राउट अनेकदा थेट पोटापर्यंत गिळतो, आणि असा मासा लहान निघाल्यास तो सोडूनही बहुधा जगत नाही. तपकिरी ट्राउट हा मूळचा काश्मीरचा नव्हे. 1900 च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून तो येथे वाढवला गेला आणि श्रीनगरजवळच्या हारवन येथील उबवणकेंद्रातून खोऱ्याच्या पाण्यात पसरला. बर्फाच्या पाण्यात वर्षातील थोडेच महिने त्याला पोटभर खाणे मिळते, त्यामुळे तो फार सावकाश वाढतो. खाडीत भरतीबरोबर नवा मासा येत राहतो, इथे मात्र काढलेल्या माशाची जागा भरून निघायला वर्षे लागतात.

खाडीची जाड काठीही इथे उपयोगाची नाही. पाणी इतके नितळ असते की जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, माशाला लांबून दिसतो. दोन-तीन किलो ताण सोसणारा बारीक तंगूस पुरे. कृत्रिम माशीने, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या आमिषाने, गरवायचे असेल तर त्यासाठीची आठ-नऊ फुटांची, तुकड्यांत सुटणारी काठी (फ्लाय रॉड) घ्यावी आणि निघण्यापूर्वी महिनाभर मोकळ्या मैदानात दोरी फेकण्याचा सराव करावा. मनगटाची ही लय तळ्यावर पोहोचल्यावर शिकता येत नाही. तेवढा वेळ नसेल तर हलकी, रीळ लावलेली काठी (स्पिनिंग रॉड) आणि तीन ते पाच ग्रॅमची चमकती फिरकी, म्हणजे पाण्यात फिरणारे धातूचे आमिष, घ्यावी.

तळ्यावर पोहोचताच गळ टाकू नये. आधी तासभर काठावर बसून पाणी पाहावे. वरच्या गंगाबल तळ्याचे पाणी ओढ्याने नुंदकोलमध्ये उतरते आणि पुढे वांगथ नाल्यातून काश्मीरच्या सिंध नदीला (सिंधू नव्हे) मिळते. ओढा जिथे आत शिरतो आणि जिथे बाहेर पडतो, त्या दोन जागा मला सर्वांत भरवशाच्या वाटतात, कारण वाहते पाणी किडे घेऊन येते आणि मासा तोंड प्रवाहाकडे करून त्यांची वाट पाहत असतो. पहाट आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास हे खरे वेळ. काठाशी उभे राहताना सावली पाण्यावर पडू देऊ नये.

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे पवित्र तीर्थ आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमीला तेथे यात्रा असते, आणि ती आपल्या तारखांच्या जवळपास येऊ शकते. त्या दिवसांत वरच्या तळ्यावर गळ टाकू नये आणि काठावर मासा शिजवू नये, ही विनंती.

एरवी परवान्यातील संख्येपुरता मासा अवश्य खावा. मात्र त्यासाठी लाकूड तोडू नये; चूल गॅसची असावी आणि तिचे गॅसचे नळकांडे श्रीनगरमध्येच विकत घ्यावे, कारण ते विमानात नेता येत नाही. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते, म्हणून भातासाठी छोटा कुकर न्यावा. माशाची आतडी तळ्यात टाकू नयेत. पाण्यापासून आणि तंबूपासून दूर खोल पुरावीत, कारण या भागात अस्वलांचा वावर असतो.

प्रश्न : गळाला लागलेला मासा सोडून दिला तर तो खरोखर जगतो का?

उत्तर : नीट हाताळल्यास बहुतेक वेळा जगतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून घ्यावा, म्हणजे गळ ओठातून सहज निघतो. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि माशाला बुरशी लागू शकते, म्हणून हात आधी ओले करावेत. शक्यतो मासा पाण्याबाहेर काढूच नये. छायाचित्र हवे असेल तर काही क्षणांतच उरकावे. सोडताना त्याला पाण्यात सरळ धरून ठेवावे, कल्ल्यांची उघडझाप नियमित झाली की तो स्वतःच हातातून निसटतो.