वाट विचारा : सासवड ‘उरकायचं’ कसं?

प्रश्न : ताई, आम्ही मांजरीला राहतो. घरात सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात), दोन मुलं (१२ आणि ८) आणि आम्ही दोघं. फेब्रुवारीतला एक रविवार मोकळा आहे. ह्यांचा बेत असा : सकाळी नारायणपूर, मग प्रतिबालाजी, दुपारी जेजुरी आणि येताना सासवड उरकून टाकू. मला मात्र नुसतं सासवड बघायचंय. ‘तिथे दिवसभर बघण्यासारखं आहे काय?’ असं ह्यांचं म्हणणं. तुम्हीच सांगा.
*– एक वाचक, मांजरी*

उत्तर : ‘उरकून टाकू’ वाचलं आणि हसू आलं. उरकायला ती काय रात्रीची भांडी आहेत?

आधीच सांगून टाकते, माझं माहेर सासवडचं. त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाती उत्तर मिळणार नाही. पण माहेर बाजूला ठेवलं तरी तुमच्या यजमानांचा बेत गुडघ्यांपाशीच अडतो. जेजुरीला गड चढायचा म्हणजे सासूबाई खाली गाडीत बसणार आणि त्यांना सोबत म्हणून तुम्ही. मुलं भंडारा उधळून पिवळी होऊन येणार आणि तुम्हाला घरी जाऊन कपडे भिजवायचे. खंडोबा कुठे पळून जात नाही. त्याला एक दिवस वेगळा द्या.

आता सासवड. सकाळी आठच्या आत निघा, हडपसरवरून दिवे घाट. घाट चढताना खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो. तो मुलांना दाखवा, पण गाडी वळणावर उभी करू नका. तेवढ्यासाठी रोज कुणीतरी कुणाच्या तरी शिव्या खातं.

गावात पोचलात की आधी नाश्ता. मग थेट संगमेश्वर. कऱ्हा आणि चांबळी जिथे मिळतात तिथे हे देऊळ आहे. चांबळीला भोगावतीही म्हणतात. खरं सांगते, नदी बघून जरा हिरमोड होईल. पावसाळा सोडला तर कऱ्हेला पाणी बेताचंच असतं, आणि जे असतं ते बघून आमच्या आईने पदर नाकाला लावला असता. पण मान वर केलीत की काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर दीपमाळा आणि मागे शिखर दिसतं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना ‘देवळाचं चित्र काढा’ म्हटलं की सगळ्यांच्या कागदावर एक त्रिकोण आणि वर झेंडा. एकदा सहल घेऊन इथे आले, त्यानंतर त्रिकोण बंद झाले.

पायऱ्या इथेही आहेत, लपवत नाही. सासूबाईंना हाताला धरून सावकाश नेता येईल. त्या नको म्हणाल्या तर खाली सावलीत बसून शिखराला हात जोडतील. आमच्या आजीने शेवटची काही वर्षं तसंच केलं, आणि तिची पुण्याई कमी भरली असेल असं मला वाटत नाही.

वर गेलात की नंदीच्या आसपास दगडी कासव आहे, त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. पाठीवर हळदकुंकवाचे थर, एखादं सुकलेलं झेंडूचं फूल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली कड. धाकट्याला त्या कडेवरून बोट फिरवायला सांगा. मग बाजूच्या खडबडीत फरशीवरून. किती हात लागले असतील, हा प्रश्न तो स्वतःच विचारेल. मोठ्याचा मोबाइल काढून घेऊ नका, उगाच तोंड फुगवेल. त्यालाच काम द्या : खांबांवर नक्षीचे किती वेगवेगळे प्रकार सापडतात त्यांचे फोटो काढ, एक सारखा दुसरा चालणार नाही. अर्धा तास निवांत.

आणि हो, मोजे! जुने सुती मोजे प्रत्येकी एक जोड पिशवीत टाका. गेल्या एप्रिलमध्ये मी वहिनीला घेऊन भर दुपारी एकला गेले. चपला खाली काढल्या आणि वर गेल्यावर फरशी अशी तापलेली की नंदीपासून सावलीपर्यंतचं अंतर आम्ही दोघींनी अक्षरशः नाचत कापलं. दोघींची वयं मिळून एकशे तीसच्या पुढे. तिथे बसलेला एक मुलगा हसून हसून आडवा झाला. फेब्रुवारीत इतकं तापत नाही, तरी मोजे असू द्यात.

तिथून चांगावटेश्वर. हे नारायणपूरच्या वाटेवर, कऱ्हेकाठी. यजमानांना सांगा, नारायणपूरचा रस्ता तरी धरला! हे देऊळ चांगदेवांच्या नावाचं. गोष्ट मुलांना ठाऊक असेलच : वाघावर बसून भेटायला आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी भिंत चालवत गेलेली चार भावंडं. त्याआधी चांगदेवांनी पाठवलेलं पत्र कोरं होतं, मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. (त्या मानाने माझं उत्तर आखूडच म्हणायचं.) आता गंमत बघा. त्या भिंतीवर बसलेल्यांपैकी सोपानदेवांची समाधी याच गावात आहे. म्हणजे सकाळी चांगदेव, दुपारनंतर सोपानकाका, मध्ये फक्त जेवण. मला या गावात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ती गोष्ट इथे पायी चालून होते.

जेवणासाठी मोठं हॉटेल शोधत बसू नका. स्टँडच्या बाजूला पिठलं-भाकरी मिळते, मिसळ मिळते. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर घरून दहीभात न्या.

सोपानदेवांच्या समाधिमंदिरात ऊन उतरल्यावर जा. शके १२१८, म्हणजे १२९६ साली, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला त्यांनी समाधी घेतली. ज्ञानेश्वरांची कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे थोरल्या भावामागून बरोबर महिन्याने. सभामंडपात बसा. सासूबाईंना तिथून उठवण्याची घाई करू नका, दिवसभर त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं.

वारीत माऊलींची पालखी दिवे घाट चढून आली की सासवडला दोन मुक्काम असतात, आणि त्याच दिवसांत सोपानकाकांची पालखी इथून पंढरीला निघते. आम्ही लहान असताना त्या दोन रात्री आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. आई चुलीपुढून उठायची नाही. आम्हा पोरांचं काम एकच, ओसरीवरच्या चपलांच्या जोड्या लावणं. सकाळी तरीही एकदोन चपला बिनजोडीच्या उरायच्याच. त्या कुणाच्या, हे कधीच कळलं नाही.

राहिले वाडे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ सासवडलाच राहत, आणि एप्रिल १७२० मध्ये वारले तेही इथेच. पुढे पेशवाईची वस्त्रं मिळाली ती विशीही न गाठलेल्या बाजीरावाला. अंबाजीपंत पुरंदरे हे बाळाजींचे जिवाभावाचे सोबती, पेशव्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार बघणारे. त्यांच्या वाड्याचा दरवाजा आणि बुरूज बघितले की मुलं म्हणतील, ‘हा तर शनिवारवाडा!’ म्हणू द्यात. पण बघायचं ते बाहेरूनच, पुढच्या पत्राच्या उत्तरात त्याबद्दल लिहिलंय.

मोठा मुलगा सहावी-सातवीत असेल. नैर्ऋत्येला डोंगर दिसेल तो पुरंदर, शेजारी वज्रगड. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाने याच भागात तळ ठोकून पुरंदरला वेढा घातला. मुरारबाजी पडले, आणि तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. हे पुस्तकात एका परिच्छेदात संपतं. इथे उभं राहून डोंगर आणि गाव यांतलं अंतर डोळ्यांनी मोजलं की वेढा म्हणजे काय ते समजतं.

परतताना अंजीर. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि फेब्रुवारीत रस्त्याकडेला पाट्या दिसायला लागतात. घेताना हलकेच दाबून बघा, विक्रेता रागावणार नाही इतकंच. देठाशी पांढरा चीक दिसला तर फळ एक दिवस आधी तोडलंय. तो चीक ओठांना लागला की रात्रभर खाजवत बसाल. पिकलेलं फळ दुसऱ्या दिवशी बसतं, तेव्हा किलोच्या वर घेऊ नका आणि डिकीत तर मुळीच ठेवू नका. मांडीवर घेऊन बसा. सीताफळं हवी असतील तर पावसाळा सरता सरता पुन्हा या. यजमान स्वतःच गाडी काढतील.

प्रश्न : आम्ही एका गावात जुना वाडा बघायला गेलो. दार उघडंच होतं म्हणून आत शिरलो, तर एक आजी अंगावर आल्या. पर्यटकांशी असं वागतात का?
*– एक वाचक, बाणेर*

उत्तर : तुमच्या फ्लॅटचं दार उघडं दिसलं म्हणून मी आत आले, तुमच्या दोरीवरच्या टॉवेलचे फोटो काढले, आणि ‘किती छान जुनं आहे हो’ म्हटलं, तर तुम्ही काय कराल? बहुतेक वाड्यांत अजून माणसं राहतात. भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात, छप्पर गळत असतं. कडी वाजवा, ‘आजी, येऊ का?’ म्हणा. नाही म्हणाल्या तर उंबऱ्यावरूनच नमस्कार. हो म्हणाल्या तर चहा घेतल्याशिवाय सुटका नाही, एवढा वेळ हाताशी ठेवा.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. आम्ही चौघं सायकलवर सासवडला जाणार आहोत. देवळांखेरीज काय बघू?
*– एक वाचक, कोथरूड*

उत्तर : देवळं बघाच, पण पाय शिवशिवत असतील तर सोनोरीचा मल्हारगड. १७५७ ते ६० च्या सुमारास बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या शेवटच्या किल्ल्यांपैकी. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो बांधला, आणि सोनोरी हे त्यांचंच गाव. किल्ला छोटा, चढ सोपा, पण वर सावली नाही. दिवे घाटात ट्रकच्या मागे लटकून चढू नका. माझ्या भाच्याने तो पराक्रम केला होता, त्याच्या कोपरावर अजून खूण आहे. आणि माणशी दोन बाटल्या पाणी खालूनच भरून न्या.