४० जीबीच्या डिस्कची वाटणी कशी करू?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर फक्त लिनक्स टाकायचंय, विंडोज नकोच. हार्ड डिस्क ४० जीबी, रॅम ४ जीबी. कुणी म्हणतं रूट (मूळ सिस्टिम), होम (आपल्या फाइल्स), व्हार (सिस्टिमचा सतत बदलणारा डेटा), बूट (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्स) सगळ्यांची वेगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे वेगळे वाटे कर, कुणी म्हणतं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट ठेव. एवढ्याशा जागेत हे बसवायचं कसं?

उत्तर : बसवूच नका. ४० जीबी लिहिलेली डिस्क तशीही ३७ च्या आसपासच दिसणार, कारण बनवणारे १००० च्या हिशोबानं मोजतात आणि बरीचशी टूल्स १०२४ च्या. त्यातले १५ रूटला आणि बाकीचे होमला दिले की सुरुवातीला मस्त चालतं, मग अपडेट्स येत राहतात, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साठतात, फ्लॅटपॅक या पद्धतीनं टाकलेली अॅप्स व्हारमध्ये म्हणजे रूटच्याच वाट्यात जाऊन बसतात आणि एक दिवस जागा नाही म्हणून अपडेट अर्ध्यावर अडकतं, तिकडे होममध्ये १० जीबी नुसते पडून! मग सरकवासरकवी आली. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) पार्टिशन चालू असताना वाढवता येतं, पण लहान करायचं तर अनमाउंट करावं, म्हणजे चालू सिस्टिमपासून सोडवावं लागतं, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) बूट करा, तासन्‌तास थांबा, आणि मधेच लाइट गेली तर डेटाचं काही खरं नाही.

म्हणून सरळ एकच मोठं रूट पार्टिशन करा, ईएक्सटी४. मशीन यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरुवातीची व्यवस्था) असेल तर फॅट३२ या फॉरमॅटमध्ये ३००-५०० एमबीचं, बूट होण्यासाठीचं ईएफआय पार्टिशन लागेलच. होम वेगळं असलं की पुन्हा इन्स्टॉल करताना फाइल्स वाचतात हे खरंय, पण बॅकअप तर तुम्ही तसाही घ्यायलाच हवा ना.

दुप्पट स्वॅपचा नियम रॅम अगदी कमी असायची तेव्हाचा. तुम्हाला २ जीबीची स्वॅप फाइल पुरेल, नंतर लहानमोठी करणंही सोपं. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरणार असाल तर मात्र रॅमएवढं, म्हणजे ४ जीबीचं स्वॅप पार्टिशनच करा.

अजून एक, ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सिस्टिमच्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवतं, तुमच्या डिस्कवर म्हणजे जवळजवळ २ जीबी. ट्यूनटूएफएस (tune2fs) या कमांडनं ते १ टक्क्यावर आणा, शून्य करू नका, कारण डिस्क गच्च भरली तर सिस्टिमला तेवढाच आधार असतो.

आणि डिस्क जुनी आहे म्हणताय तर इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्ह यूएसबीवरूनच तिचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) बघून घ्या, त्यात खराब सेक्टर वाढताना दिसले तर आधी डिस्क बदला.