विचारा ना ताई: भूल देणारी नर्स व्हायचंय, प्लॅन कसा करू?

प्रश्न: ताई, मी २० वर्षांची आहे, न्यू जर्सीत एडिसनला राहते, बीएसएनच्या (नर्सिंगच्या डिग्रीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, मी सहावीत असताना इकडे आलो. मागच्या सेमिस्टरला क्लिनिकलमध्ये एक सर्जरी बघायला मिळाली. पेशंटच्या डोक्यापाशी बसून जी बाई शांतपणे सगळं सांभाळत होती ती डॉक्टर नाही, नर्स आहे, सीआरएनए म्हणजे भूल देणारी नर्स आहे, हे कळलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. पण बाबा म्हणतात एवढी वर्षं शिकायचं तर डॉक्टरच हो ना. केमिस्ट्रीत मला सी प्लस आहे. मैत्रीण म्हणते आयसीयूचं एक वर्ष कर आणि लगेच अप्लाय कर. पैशाचं तर मी आईशी अजून बोललेच नाहीये. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सगळ्यात आधी तुझ्या मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होईल असं मला वाटतं. नियम म्हणून ती बरोबर आहे, सीआरएनएच्या प्रोग्रॅमला बसायला क्रिटिकल केअरचं (म्हणजे आयसीयूचं) कमीत कमी एक वर्ष फुल टाइम लागतं. पण ते कमीत कमी आहे गं. प्रत्यक्षात ज्यांना सीट मिळते त्यातले बरेचसे दोन-तीन वर्षं काढून आलेले असतात, आणि मुख्य म्हणजे ती वर्षं फॉर्मवरचा एक रकाना भरायला नसतात, भूल देणारी नर्स तिथेच घडते.

म्हणजे कसं ते सांगते, मी स्वतः सीआरएनए आहे. परवा माझ्याकडे एक सत्तरीच्या आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, हार्ट थोडं वीक, खूप घाबरलेल्या. मास्क धरला तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं, मी म्हटलं आजी मोठा श्वास घ्या, अजून एक, हातात थोडं चुरचुरेल, आणि प्रोपोफॉल, म्हणजे भुलीचं औषध, हळूहळू दिलं. पापणीला बोट लावून बघितलं, हलली नाही. जबडा दोन बोटांनी वर उचलला, मास्कने श्वास दिला, छाती वर आली, नळी घातली, आणि स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइडची ती चौकोनी लाट दिसली तेव्हा माझा स्वतःचा श्वास सुटला. मग दोनच मिनिटांत प्रेशर घसरायला लागलं. ऑक्सिमीटरचं बीप आहे ना, सॅचुरेशन उतरलं की त्याचा सूर खाली येतो, त्यामुळे मान वर न करता कळतं. सूर तर बरोबर होता, म्हणजे ऑक्सिजनचा प्रॉब्लेम नाही, औषधाने रक्तवाहिन्या सैल पडल्यात, वीक हार्टला फार फ्लुइड देऊन चालणार नाही, म्हणून फेनिलएफ्रिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून प्रेशर वाढवणाऱ्या औषधाचा, छोटा डोस. हे सगळं ठरवायला मिनिटभरही नव्हतं, आणि शेजारी विचारायला कोणी असेलच असं नसतं.

ते कान आणि तो हात मला आयसीयूने दिला. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरवरचा पेशंट, आर्टरियल लाइन (धमनीतून सतत प्रेशर दाखवणारी नळी), प्रेशर वाढवणारी औषधं लेव्होफेड (आम्ही लेव्हो म्हणतो) आणि व्हॅसोप्रेसिन चालू, मीन प्रेशर ६५ च्या खाली जातंय, आता लेव्हो वाढवू का याला पाणी कमी पडतंय का कुठे रक्त वाहतंय, हा विचार शेकडो वेळा करावा लागतो तेव्हा तो अंगात भिनतो. एका वर्षात, त्यातले सुरुवातीचे काही महिने ओरिएंटेशन, नाही भिनत. इंटरव्ह्यूलाही तेच विचारतात. मला विचारलं होतं सेप्सिसच्या (इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या) पेशंटला लेव्हो का, फेनिलएफ्रिन का नाही, कुठल्या रिसेप्टरवर काय होतं ते सांगा. पाठांतर केलेली मुलं तिसऱ्या प्रश्नाला अडतात.

म्हणून पहिली नोकरी निवडताना डोळे उघडे ठेव. मी स्वतः सांगलीकडची, नर्सिंग तिकडेच केलं, लग्न होऊन इकडे आले, लायसन्स झालं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये मॅनेजरने सांगितलं आत्ता स्टेपडाउन युनिटला (आयसीयूपेक्षा कमी गंभीर पेशंटच्या वॉर्डला) ये, सहा महिन्यांत आयसीयूत घेते. सहा महिन्यांची सव्वादोन वर्षं झाली. लेखी काही नव्हतं. आजही त्या वर्षांचं मला वाईट वाटतं, म्हणून तुला सांगते, शक्य असेल तर न्यू ग्रॅड रेसिडेन्सी (नव्या नर्सेसना शिकवत घेणारी पहिली नोकरी) थेट अॅडल्ट आयसीयूतच शोध, आणि असा आयसीयू जिथे खरंच आजारी पेशंट येतात, हार्ट सर्जरीनंतरचे, ट्रॉमाचे, सर्जिकल. शेवटच्या वर्षाची कॅपस्टोन प्लेसमेंट (शेवटची मोठी क्लिनिकल ड्युटी) आयसीयूत मागून घे, तिथल्याच मॅनेजर पुढे नोकरी देतात. पेडियाट्रिक किंवा बाळांचा आयसीयू काही प्रोग्रॅमना चालतो काहींना नाही, रिकव्हरी रूम आणि इमर्जन्सी बऱ्याच जणांना चालत नाही.

आयसीयूत गेलीस की सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सची सर्टिफिकेट परीक्षा, दे. त्याला दोन वर्षांत १,७५० तास बेडसाइड लागतात, त्यातले निम्मे शेवटच्या वर्षातले, आणि आठवड्याला ३६ तास धरले तर साधारण वर्षभरात भरतात. काही प्रोग्रॅम ती परीक्षा मागतात, काही म्हणतात असली तर बरं, पण अभ्यासाने तुझा फायदाच आहे.

आता केमिस्ट्री. सी प्लसने दार बंद होत नाही, पण दुर्लक्ष करू नकोस. किमान जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) बहुतेक ठिकाणी ३.० लिहिलेला असतो, निवडले जाणारे त्याच्या बरेच वर असतात, आणि सायन्सचा जीपीए वेगळा काढून बघतात. तू असं कर, या सुट्टीत पाच-सहा प्रोग्रॅम निवड, घराजवळचा रटगर्सचा धर, बाकी आजूबाजूच्या राज्यांतले, आणि एका शीटमध्ये लिही कुणाला ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री लागते, कुणाला स्टॅटिस्टिक्स, जीआरई लागते का, कोर्स किती वर्षं जुना चालतो, परत दिलेल्या विषयाचा नवा ग्रेड धरतात की दोन्हींची सरासरी काढतात. हे कळल्याशिवाय केमिस्ट्री परत द्यायची की पुढचा अवघड कोर्स घेऊन ए आणायचा हे ठरवताच येत नाही. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त पटतो, तू आता काय करू शकतेस ते त्यातून दिसतं. आणि तू अभ्यास कसा करतेस तेही बघ, एकटी बसून नोट्स रंगवत असशील तर ते आत्ताच बदल, कारण प्रोग्रॅममध्ये फार्मॅकॉलॉजी आणि फिजिऑलॉजी अशी अंगावर येते की जुन्या सवयी टिकत नाहीत.

वर्षांचा हिशोब सांगते. तू २२ ला ग्रॅज्युएट होशील, मग एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा), मग आयसीयू. दोन वर्षं पूर्ण होता होता अप्लाय केलंस तर २५ च्या सुमारास प्रोग्रॅम सुरू, आणि तो ३६ महिन्यांचा. माझ्या वेळी मास्टर्सवर भागायचं, पण १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला डॉक्टरेटलाच प्रवेश घ्यावा लागतो. त्यात कमीत कमी ६०० केसेस आणि २,००० क्लिनिकल तास, आणि सगळं झाल्यावर बोर्डाची परीक्षा. म्हणजे २८ च्या आसपास तू स्वतः भूल देत असशील.

बाबांना हेच सांग, पण शांतपणे. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, त्यांनी आपल्याकडे भूल देणारा डॉक्टरच बघितलाय. अमेरिकेत हे काम नर्सेस निदान १८७७ पासून करतायत. तिथल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये अॅलिस मॅगॉ नावाची नर्स होती, तिने १९०६ मध्ये १४,००० केसेसचा हिशोब छापला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. आजही खेड्यातल्या कितीतरी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी एकटी सीआरएनए असते. डॉक्टरच्या देखरेखीचे नियम मात्र राज्याप्रमाणे वेगळे आहेत. तुला आजार शोधणं, त्याचं निदान करणं जास्त आवडत असेल तर बाबांचं ऐक, मेडिकलला जा, खरंच. पण एकाच पेशंटजवळ तासन्‌तास बसून त्याचा प्रत्येक श्वास आपला मानणं आवडत असेल तर तू जे बघितलंस ते बरोबर बघितलंस. ठरवण्याआधी एखाद्या सीआरएनएबरोबर पूर्ण दिवस शॅडोइंग कर (तिच्या मागे राहून काम बघ), एकदा नाही तीन-चारदा, सकाळी साडेसहाला मशीन चेक करण्यापासून.

पैशाचं आईशी याच आठवड्यात बोल. फी बऱ्याच ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते, आणि त्या तीन वर्षांत नोकरी करता येत नाही, बरेच प्रोग्रॅम करूच देत नाहीत. आधी ग्रॅड प्लस या सरकारी शिक्षण लोनवर सगळं निभायचं, पण २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन घेणाऱ्यांना ते बंद झालं. साध्या ग्रॅज्युएट कोर्सला सरकारी लोन वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत, म्हणजे तीन वर्षांचे ६१,५००. ज्याला प्रोफेशनल डिग्री धरतात त्याची मर्यादा जास्त आहे, तेव्हा तुझा कोर्स कशात मोजतात हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या फायनान्शियल एड ऑफिसला मेल करून विचार. आयसीयूची वर्षं घरी राहून काढलीस तर भाडं वाचेल, ते वेगळ्या अकाउंटला टाक. नागरिकत्व असेल तर आर्मीचा प्रोग्रॅमही बघ, शिकताना पगार मिळतो, बदल्यात काही वर्षं सेवा द्यावी लागते. नंतर पगार चांगला असतो, वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर, लोन फिटतं. पण मधली तीन वर्षं घर कोण चालवणार, इन्शुरन्स कुणाचा, हे आधी कागदावर लिहून काढ, आई तुझ्यापेक्षा जास्त चांगला हिशोब करेल.

प्रश्न: ताई, मी नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भारतात नर्सला भूल देता येते का? नाहीतर अमेरिकेत थेट हा कोर्स करता येईल का? एक एजंट म्हणतो सगळं करून देतो.

उत्तर: भारतात भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे, नर्स मदत करते, तशी वेगळी पोस्ट आपल्याकडे नाही. अॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची डिग्री म्हणजे टेक्निशियन, गल्लत करू नकोस. तुला हेच क्षेत्र आवडत असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, तो मनापासून बघ.

अमेरिकेत थेट नाही जमत. आधी तिथली आरएन (लायसन्स असलेली नर्स) व्हायचं, म्हणजे शिक्षणाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, एनक्लेक्स (त्याची सेंटर भारतातही आहेत), मग व्हिसा, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे. त्यानंतर बहुतेक प्रोग्रॅमना तिथल्याच आयसीयूचा अनुभव हवा असतो. अशक्य नाही, पण दहा वर्षांचा विचार करून निघ, आणि तोवर इथल्या चांगल्या आयसीयूत काम कर, ते कुठेही वाया जात नाही. त्या एजंटला एक रुपया देऊ नकोस, सीट कोणी करून देऊ शकत नाही. त्यापेक्षा कॉलेज सोडायच्या आत मार्कशीट, सिलॅबस आणि थिअरी-क्लिनिकलच्या तासांची ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यासकट हातात घेऊन ठेव, नंतर ऑफिसात फार हेलपाटे पडतात.