वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकाची हार्ड डिस्क संथ का होते?

प्रश्न : माझा डेस्कटॉप सुमारे बारा वर्षांपूर्वीचा असून त्यात ५०० जीबीची साटा (अरुंद केबलने जोडली जाणारी) हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम आहे. विंडोज १० सुरू होऊन काम करण्याजोगे व्हायला बराच वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसतो, पण वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच असतो. मोठी फाइल कॉपी करताना वेग सुरुवातीला चांगला असतो, मध्येच शून्यावर येतो आणि काही सेकंदांनी पुन्हा वाढतो. डीफ्रॅगमेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे) करूनही फरक पडला नाही. विंडोज नव्याने टाकावे का?

उत्तर : विंडोज नव्याने टाकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आपली छायाचित्रे, कागदपत्रे व इतर महत्त्वाच्या फाइली आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मी हे आधी सांगतो, कारण आपण दिलेल्या लक्षणांपैकी कॉपी चालू असताना वेग शून्यावर येऊन थांबणे हे लक्षण मला सर्वांत चिंताजनक वाटते. डिस्कवरील एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा छोटा कप्पा, नीट वाचता येत नसेल, तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि त्या प्रयत्नात काही सेकंद निघून जातात. तोवर संगणकाची इतर कामेही खोळंबतात. अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंट करणे किंवा संपूर्ण पृष्ठभाग तपासणारी चेकडिस्क चालवणे म्हणजे तिच्यावर तासन्‌तास ताण टाकणे होय, म्हणून बॅकअप होईपर्यंत यांपैकी काहीही करू नये.

बॅकअप झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती पाहावी. डिस्क स्वतःच आपल्या चुकांची नोंद ठेवत असते आणि त्या लांबलचक यादीतल्या तीनच नोंदी आपल्या कामाच्या आहेत. ‘रिअॅलोकेटेड सेक्टर्स काउंट’मध्ये निकामी ठरवून बदललेल्या सेक्टरांची संख्या असते, तर ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’मध्ये सध्या वाचता न येणाऱ्या, निर्णय व्हायच्या सेक्टरांची. यांपैकी दुसरी संख्या शून्याहून अधिक असेल, किंवा पहिली आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, तर ती डिस्क बदलावी. तिच्यावर पुन्हा विश्वास टाकू नये. तिसरी नोंद ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट’ ही आहे आणि तिचा अर्थ अगदी वेगळा आहे. ती वाढत असेल, तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या दरम्यान माहिती जाताना बिघडते आहे, म्हणजे दोष बहुधा डेटा केबलचा किंवा तिच्या सैल झालेल्या जोडणीचा असतो. संगणक बंद करून, वीजपुरवठा काढून नवी साटा केबल लावावी आणि शक्य असल्यास पोर्टही बदलून पाहावे. जुना आकडा त्यानंतरही तसाच दिसत राहतो, तो पुसला जात नाही. तो पुढे वाढतो की नाही, एवढेच पाहायचे असते. अनेक चांगल्या डिस्क केवळ खराब केबलमुळे टाकून दिल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या तिन्ही नोंदी स्वच्छ असतील, तर मात्र १०० टक्के वापर आणि एक-दोन एमबी वेग या जोडीला बिघाड समजू नये. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती माहिती हेडखाली (तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या भागाखाली) येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. अशा हिशेबाने विखुरलेल्या नोंदी वाचताना सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचने होतात, आणि प्रत्येक वाचन ४ केबीचे असेल तर वेग ३०० केबीच्या आसपासच राहतो. हीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाऊ शकते. विंडोज सुरू होताना, अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू असताना बहुतेक वाचने विखुरलेली असतात. त्यात ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधील मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवू लागते, आणि आधीच थकलेल्या डिस्कवर आणखी भार येतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापरही सतत ८०-९० टक्क्यांवर दिसत असेल, तर रॅम वाढवल्याने डिस्कही हलकी होईल.

तरीही, डिस्क बदलायचीच असेल तर विंडोजसाठी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या मदरबोर्डवरील साटा-२ पोर्ट सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जात नाही, म्हणून एसएसडी वाया जाईल, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. खरा फायदा सलग वेगात नसून एसएसडीत हेड सरकण्याची आणि तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागत नाही, यात आहे, आणि तो फायदा जुन्या पोर्टवरही मिळतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) साटा पोर्ट जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर असेल, तर नवे विंडोज टाकण्यापूर्वीच ते ‘एएचसीआय’ या नव्या पद्धतीवर न्यावे; आधीच टाकलेल्या विंडोजवर तयारी न करता हा बदल केल्यास संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते.

प्रश्न : विंडोज एक्सपी असलेल्या जुन्या संगणकात रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क आहे. फाइल कॉपी करताना वेग फारच कमी असतो आणि माऊसही अडखळतो. डिस्क गेली असे समजावे का?

उत्तर : माऊस अडखळणे हे इथले महत्त्वाचे लक्षण आहे. माहिती देवाणघेवाणीत वारंवार चुका झाल्या की एक्सपी डिस्कचा वेग पायरीपायरीने कमी करत शेवटी ‘पीआयओ’ पद्धतीवर आणते. या पद्धतीत प्रत्येक माहितीची ने-आण प्रोसेसरला स्वतः करावी लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रायमरी आयडीई चॅनल’च्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये सध्याची पद्धत पीआयओ दिसत असेल, तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा, विंडोज ते नव्याने ओळखते आणि बहुधा डीएमए पद्धत (जिच्यात ही ने-आण प्रोसेसरला करावी लागत नाही) परत येते. त्याबरोबरच केबल ४० तारांची आहे की ८० तारांची, हे पाहावे, कारण सेकंदाला ३३ एमबीच्या पुढील वेगांसाठी ८० तारांचीच केबल लागते. एवढे करूनही थोड्याच दिवसांत डिस्क पुन्हा पीआयओवर गेली, तर चुका थांबलेल्या नाहीत असे समजून फाइली हलवाव्यात आणि मग केबल व डिस्क यांपैकी दोष कोणाचा, हे एकेक बदलून तपासावे.