मुलांना विश्वास शिकवायचा कसा? आधी ती मेणबत्ती खाली ठेवा

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. रविवारची उपासना आणि संडे स्कूल सोडलं तर घरात देवाविषयी बोलणंच होत नाही, आणि बोलायला गेलं की त्याचं प्रवचन होतं, मुलं उठून जातात. शिवाय धाकटीने ‘देव रात्री झोपतो का?’ विचारलं तेव्हा काय सांगावं ते सुचलं नाही. धाकटीच्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी प्रवचनाचं, कारण त्या रोगाची मी जुनी पेशंट आहे.

मी पुण्यात राहते, माहेर नगरचं. बारा वर्षं संडे स्कूल घेतलंय. फ्लॅनेलच्या फळ्यावर नोहाचं तारू आणि दोन-दोन जिराफ चिकटवण्यात आमच्या चर्चच्या मंडळीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. घरात मात्र सपशेल नापास. एकदा पावसाळ्यात लाइट गेली. मी मेणबत्ती लावली, दोन्ही पोरांना जवळ बसवलं आणि सुरू केलं, “बघा, एवढीशी ज्योत, पण सगळ्या खोलीत उजेड. येशू काय म्हणाला? मी जगाचा...” थोरला तेव्हा आठ वर्षांचा. तो म्हणाला, “मम्मी, प्लीज. लाइट गेलीय तर नुसती लाइट जाऊ दे ना.”

मला राग आला. रात्री पडल्यापडल्या मात्र वाटलं, पोरगं खरं बोललं. मी त्यांच्याबरोबर अंधारात बसलेच नव्हते. त्या अंधाराचा धडा करायच्या घाईत होते. त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळते: मुलाने विचारल्याशिवाय किंवा माझ्या स्वतःच्या मनात खरंच काही आल्याशिवाय वचन काढायचं नाही. दिसला आंबा की सांग उत्पत्तीच्या पुस्तकातलं वचन, हे बंद.

मग मुलांच्या कानावर काही जाणार कसं, असं तुम्ही विचाराल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलंय, आणि कधी बोलायचं तेही तिथेच आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. मी वर्षानुवर्षं त्यातलं ‘बोला’ एवढंच ऐकलं. पण त्याआधीच्या ओळीत या गोष्टी तुझ्या स्वतःच्या हृदयात असाव्यात असं म्हटलंय. माझ्या आजीने ती आधीची ओळ पाळली असावी. ती फारसं काही समजावून सांगायची नाही. बाजरीच्या भाकरी थापताना भजन गुणगुणायची, आणि माणसं मोजून झाली की एक भाकरी जास्त टाकायची. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, “येईल कोणीतरी.” बहुतेक वेळा कोणी यायचं नाही आणि ती भाकरी दुसऱ्या दिवशी कुस्करून दुधात जायची. तरी रोज टाकायची. पाहुणचारावरचे कितीतरी उपदेश ऐकले, एकही आठवत नाही. ती भाकरी आठवते.

भाकरीवरूनच आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं बोलणं झालं, आणि ते मी सुरू केलं नव्हतं. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ आहे ना? धाकटी सहा वर्षांची असताना तिने जेवणाआधी डोळे उघडून विचारलं, “आपण तर पोळी खातो. मग भाकर का मागतो?” तिचे पप्पा म्हणाले, “मग पोळी माग.” ती पुढचा आठवडाभर ‘आमची रोजची पोळी’ म्हणत होती, एकदा तर ‘आमचा रोजचा पास्ता’. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, असू दे. निदान आपण काय मागतोय हे तिला कळतंय.

थोरला त्यात पडला. “रोजची कशाला मागायची? महिन्याची एकदम मागू. आपण किराणा तसाच भरतो.” आता हा प्रश्न सोन्यासारखा. मी त्याला रानातल्या मान्न्याची गोष्ट सांगितली. इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून निघाले, रानात खायला काही नव्हतं, रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडायचा, ज्याने त्याने दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. “फ्रीज नव्हता म्हणून,” थोरला म्हणाला. खरं आहे. पण मग आमचा फ्रीज उघडला गेला आणि मागच्या कप्प्यात तीन डब्यांत काय काय निघालं ते सांगायला नको. तिघं मिळून हसलो. त्यानंतर त्यानेच हळूच विचारलं, “मम्मी, प्रार्थनेत ‘माझी भाकर’ का नाही? ‘आमची’ का?” मी उत्तर दिलं नाही. खाली आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका डबा उघडून बसलेले खिडकीतून दिसत होते. तो बराच वेळ तिकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, आणि हे न विचारणं मला फार जड गेलं, संडे स्कूलची बाई ना मी!

दृष्टांतांचंही तसंच. येशूने ज्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या: मोहरी, मीठ, पिठात कालवलेलं खमीर, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ. आपल्याला त्या ओढूनताणून घरात आणाव्या लागत नाहीत. एकदा माझी कुडी हरवली. सगळा पलंग सरकवला, टॉर्च लावला, कुंचा घेऊन कोपरे झाडले. सापडली तेव्हा मी मोठ्याने ओरडले. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईचं नाणं हरवतं, दहातलं एक, ती दिवा लावून घर झाडते आणि सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना बोलावते, ती गोष्ट धाकटीनेच काढली. तिला संडे स्कूलमध्ये नुकतीच झाली होती. आणि थोरला म्हणाला, “पण शेजारणींना बोलावलं म्हणजे खायला द्यावं लागलं असणार. म्हणजे नाण्यापेक्षा पार्टीचाच खर्च जास्त!” मी इतकी वर्षं ही गोष्ट शिकवली, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. देवाचा आनंद असाच हिशेबाबाहेरचा आहे, हे त्याने मला शिकवलं, आणि आपण काही शिकवलं याचा त्याला पत्ताही नाही.

आता जरा अवघड भाग. हा लिहावा की नाही असं वाटत होतं.

थोरल्याने चाचणीचे मार्क लपवले होते. मी त्याला खोटं बोलण्यावर चांगलं अर्धा तास सुनावलं. दुसऱ्याच दिवशी भिशीच्या एका बाईंचा फोन आला. माझे पैसे द्यायचे राहिले होते. मी त्याच्या हातात फोन दिला आणि खुणेने सांगितलं, मम्मी अंघोळीला गेलीय म्हण. त्याने निमूट सांगितलं. रात्री झोपायच्या आधी आम्ही चौघं प्रार्थना करतो, प्रत्येकाने एकेक वाक्य. त्याची पाळी आली. “हे देवा, मम्मीला अंघोळीहून लवकर बाहेर येऊ दे. आमेन.”

नवऱ्याला काही कळेना. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपण सगळेच बोलता बोलता म्हणतो. मत्तयाच्या सातव्या अध्यायात आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हेच दोन शब्द आहेत. त्या रात्री मी डोळे मिटून, पोरांना ऐकू येईल असं म्हटलं, “प्रभू, मी आज खोटं बोलले, आणि माझ्या मुलालाही बोलायला लावलं. मला क्षमा कर.” मग त्यालाही म्हटलं, मला माफ कर. सकाळी त्याच्यासमोर बाईंना फोन केला, काल मी घरातच होते म्हणून सांगितलं आणि पैसे पाठवले. बाई जरा फणकारल्या. फणकारणारच.

मला विचाराल तर माझ्या मुलांनी पश्चात्ताप आणि क्षमा हे दोन शब्द त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याआधी नुसते ऐकले होते. आईबापांनी मुलांसमोर चूक कबूल केली की वचक जातो, असं आमच्याकडचे मोठे म्हणतात. गेला असेल थोडा. त्यानंतर त्याने मार्क लपवले नाहीत असंही नाही. पण लपवले की दोन दिवसांनी स्वतः येऊन सांगायला लागला.

शाळा आणि शेजार याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी ते येणारच. वर्गातली मुलं विचारतात, ‘तुम्ही गणपती का बसवत नाही?’, ‘तू ख्रिश्चन आहेस तर मराठी कसा काय बोलतोस?’ या दुसऱ्या प्रश्नाने थोरला रडत घरी आला होता. त्या सुट्टीत आम्ही दौंडच्या लोकलने केडगावला गेलो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना त्यांनी आसरा दिला आणि पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते छापलं मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, आणि पूर्ण बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये. पोराला तारखांशी काही देणंघेणं नव्हतं. छपाईच्या अक्षरांचा एकेक खिळा उलटा जुळवून एवढं मोठं पुस्तक बायकांनी छापलं, याचं त्याला भारी वाटलं. नंतर वर्गात काय बोलला ते ठाऊक नाही, पण परत रडत आला नाही.

प्रसादाचं म्हणाल तर ख्रिस्ती घराघरांत वेगळं मत आहे आणि मी कोणाला चूक म्हणणार नाही. आमची मुलं मित्राच्या घरी मोदक खातात. प्रेमाने वाढलेलं अन्न म्हणून. आरतीला बाजूला शांत उभी राहतात. माझ्या दिरांच्या घरी प्रसाद घेत नाहीत, आणि ते समोर असले की आम्हीही घेत नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं तेव्हा मूर्तींना वाहिलेल्या अन्नावरून असाच वाद होता: अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही, पण आपल्या खाण्याने कोणाचं मन दुखावू नये. एक गोष्ट मात्र आमच्या घरात पक्की आहे, कोणाच्या देवाची टिंगल करायची नाही. नाताळाला सोसायटीतली मुलं आमच्याकडे करंज्या लाटायला येतात. निम्म्या करंज्या तेलात फुटतात.

मरणाविषयी थोडंच लिहिते. माझे वडील गेले तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. “आपण रोज प्रार्थना केली होती ना?” एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तिला तसंच सांगितलं. आम्ही योहानाचा अकरावा अध्याय वाचला, येशू आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या कबरेकडे जातो आणि रडतो. “त्याला माहीत होतं ना की लाजरला तो उठवणार? मग का रडला?” तेही मला सांगता आलं नाही. मी पण रडत होते. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, आमच्या मंडळीची पहाटेची उपासना कबरस्तानात असते. त्या वर्षी तिने आजोबांच्या कबरेवर मेणबत्ती लावली, वाऱ्याने ती तीनदा विझली, तिने तीनदा लावली. या वेळी मेणबत्तीवर मी एक शब्द काढला नाही.

कुटुंबप्रार्थना किती वेळ, हे बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते: आमची सात-आठ मिनिटं, जेवणं झाल्यावर. एक भजन, बायबलमधली चार-पाच वचनं, प्रत्येकाचं एक वाक्य. परीक्षेच्या दिवसांत चुकते. नवरा रात्रपाळीला असला की फोन स्पीकरवर. थोरला आता सतराचा आहे, कधी म्हणतो मी आज काही म्हणणार नाही. तरी बसतो.

आणि आता तुमच्या धाकटीचा प्रश्न, देव रात्री झोपतो का. 121 व्या स्तोत्रात म्हटलंय की इस्राएलाचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही. तेव्हा ‘नाही, देव झोपत नाही’ हे उत्तर बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मार्कच्या चौथ्या अध्यायात समुद्रात वादळ उठतं, नावेत पाणी शिरतं, शिष्य घाबरून आरडाओरडा करतात, आणि येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला असतो. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांत ती उशी फक्त मार्कने टिपली. तुमच्या लेकीला ती गोष्ट अंथरुणात, तिच्या उशीवर सांगा, आणि मग तिलाच विचारा, तो एवढ्या वादळात कसा काय झोपला असेल.