'सरेंडर'ला मराठी शब्द: शरणागती की समर्पण?

नवापूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, चर्चमधील तरुण गायकांसाठी एका इंग्रजी भक्तिगीताचे मराठी रूप करताना 'सरेंडर'साठी 'शरणागती पत्करतो' आणि 'सॅक्रिफाइस'साठी 'माझे बलिदान देतो' असे लिहिले, तेव्हा मंडळीतील वडीलधाऱ्यांनी दोन्हींना हरकत घेतली. ती रास्त आहे का?

रास्त आहे, मात्र दोहोंची कारणे वेगळी आहेत. 'शरण' म्हणजे मुळात आसरा, त्यामुळे 'तुला शरण आलो' हे अभंगात शोभते तसेच ख्रिस्ती गीतातही शोभते. 'पत्करणे' आले की तोच शब्द रणांगणावर जातो. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, ती दुसरा इलाज उरला नव्हता म्हणून. भक्त मात्र आपखुशीने येतो. 'बलिदाना'ची अडचण शब्दापेक्षा श्रद्धेची आहे. बायबलमधील इब्री लोकांस पत्रानुसार ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केले. ते बलिदान त्याचे. गाणाऱ्याने काय द्यायचे, हे रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात आरंभीच आले आहे: आपली शरीरे 'जिवंत' यज्ञ म्हणून समर्पण करायची.

मग 'त्याग' का नको? त्यागात काय सोडले ते कळते, कोणाला दिले ते कळत नाही; दारूचाही त्याग करता येतो. अर्पणाला घेणारा लागतो, म्हणून 'तुला' किंवा 'तुझ्या चरणी' हे शब्द त्याच्यामागून आपोआप येतात. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या प्रार्थनेतले 'अर्पावे' आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि तिथेही 'जगाला' आहेच. उपासनेत दानाच्या थैलीत टाकलेली नोट हेही अर्पणच. 'सम्' हा उपसर्ग लागला की काही हातचे राखणे संपते. 'पूर्ण समर्पण' त्यामुळे जरा द्विरुक्तीचे होते, पण गाण्यात तेवढे चालावे.

'जीवन समर्पण करतो' की 'समर्पित करतो', हा त्यांचा उपप्रश्न. दोन्ही शुद्ध आहेत. 'समर्पण करणे' हे संयुक्त क्रियापद कर्म घेते, आणि वर सांगितलेल्या वचनाची रचनाही तशीच आहे. चालीत मात्र 'समर्पण करतो' नऊ मात्रा खातो, तर 'अर्पितो' पाचांत बसतो.

पाचच मात्रांचा 'वाहतो' मला त्याहून आवडतो. आपल्याकडे फुले वाहतात आणि भारेही वाहतात. 'जीव तुला वाहतो' असे म्हणताना खांद्यावर वधस्तंभ वाहणाराही त्याच क्रियापदातून डोळ्यांपुढे येतो, आणि इंग्रजीतल्या 'सरेंडर'मध्ये ही सोय नाही.